आडवा डाव

टाळ्या वाजल्या तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत खोके होते, म्हणून त्याला कान झाकता आले नाहीत. खोके पांढरे, गुळगुळीत, आणि आत संशोधन संस्थेने कोशकाराला दिलेली भेट: नवा कोरा लॅपटॉप, बोटभर जाडीचा. त्याच्या कोशाची दुसरी आवृत्ती शुक्रवारी छपाईला जाणार होती, त्यानिमित्त हा छोटेखानी समारंभ. पाठीमागच्या भिंतीवर, माणसाहून उंच अक्षरांत, त्या आवृत्तीचे अर्पणाचे पान झळकत होते: ‘एका आचार्यास’. ध्वनिक्षेपक गालाला लावून संचालक सांगत होते, “सरांच्या घरात विद्या पिढीजात आहे बरं का. वडील स्वतः आचार्य. खाण तशी माती म्हणतात, ते काही उगीच नाही.” त्यानंतरच्या या टाळ्या. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिले. पाहिले, आणि भरल्या घरात अनोळखी माणूस आपलेच कपडे घालून फिरताना दिसावा तसे त्याला झाले. ‘य’च्या डोक्यावर तुरा उगवला होता. बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या आवृत्तीत तिथे ‘एका आचाऱ्यास’ असे छापलेले होते, कारण त्याचे वडील आचार्य नव्हते. ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात आचारी होते. एकतीस वर्षे त्यांनी रोज अडीचशे माणसांचे रांधले होते, आणि त्या काळात त्यांच्या पायाशी बसून कुणी काही शिकले असेल तर ते एवढेच, की भांडे तापले आहे की नाही ते हात न लावता ओळखावे. ध्वनिक्षेपक हातभर अंतरावर होता. एक वाक्य पुरले असते, चार शब्दांचे. छायाचित्रकार म्हणाला, “सर, जरा इकडे, हसा की,” आणि तो हसला.

ज्यांना हा फरक शाळेत कुणी समजावला नाही, आणि आता समजावण्याची कुणाला गरजही वाटत नाही, त्यांच्यासाठी सांगायचे तर भाषेत हे दोघे एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. विद्या देणारा तो आचार्य, रांधून वाढणारा तो आचारी. आचारी नुसता उभा असतो, घाम पुसत असतो, तोवर तो निर्विवाद आचारीच असतो. त्याची दीर्घ री कुणी हिरावून घेत नाही. घोटाळा सुरू होतो तो त्याला काही द्यायचे म्हटले की, किंवा त्याचे काही आहे असे म्हणायची वेळ आली की. मग विभक्तीचा प्रत्यय येतो, री मोडते, आणि तिच्या जागी राहते ती ‘य’च्या अलीकडे आडवी पडलेली एक लहानशी वाकडी रेघ. ती रेघ असली तर आचाऱ्यास. ती उचलून ‘य’च्या डोक्यावर ठेवली, तिचा रफार झाला, तर आचार्यास. पहिल्या आवृत्तीची प्रत हातात घेऊन वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या शब्दावरून बोट फिरवले होते आणि वाढपाचा लांब दांड्याचा डाव धरावा तशी मूठ करून म्हणाले होते, “हे बरं आहे तुमच्या लिपीचं. आचार्याच्या डोक्यावर तुरा, आचाऱ्याच्या हातात डाव. बघ, आडवा पडलाय.” आणि डाव या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असा चेहरा करून, मिशीतल्या मिशीत हसले होते. त्या हसण्यात अभिमान होता असे तो बावीस वर्षे समजत आला.

समारंभानंतर तो संचालकांच्या खोलीत गेला. खोली थंड, टेबल निर्मनुष्य, भिंतीवर संस्थेचे बोधवाक्य, त्यातली एक वेलांटी चुकलेली. “या सर, या! फोटो काय झकास आलेत.” तो उभ्यानेच म्हणाला, “अर्पणाचं पान चुकलंय. आचार्यास झालंय. आचाऱ्यास हवं.” संचालकांनी दोन्ही शब्द सुपारी घोळवावी तसे तोंडात घोळवून पाहिले. “एकच की, सर.” “एक नाही. तो शब्द...” आणि इथे, ज्या माणसाने अठ्ठावीस हजार शब्दांचे अर्थ लावले होते त्याला पुढचा शब्द मिळेना. “तो शब्द व्याकरणदृष्ट्या वेगळा आहे,” असे तो म्हणाला. व्याकरणदृष्ट्या! संचालक समजूतदारपणे हसले. “अहो, जुना फॉन्ट नव्यात आणताना थोडंफार असं होतंच. आपल्या प्रणालीची अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के आहे, सर. उरलेलं वाचक समजून घेतो.” “मग मला जुन्या यंत्रावर बसू द्या. मूळ फाइल माझ्याकडे आहे.” “जुनं यंत्र आणू कुठून? सगळ्यांची विल्हेवाट लागली. कालबाह्य साहित्य. तुमच्या देखत तर ठराव झाला.” ते खरे होते. त्या ठरावावर त्याचीही सही होती. सही करण्यापूर्वी त्याने त्यातले ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले होते. “आणि आतली गोष्ट सांगू का?” संचालक पुढे झुकले. “राहू द्या आचार्य. शोभतं तुम्हाला. उलट मी तर म्हणतो मशीनला कळलं, आपल्याला कळलं नव्हतं. हां, छपाईच्या संमतीपत्रावर सही तेवढी राहिलीय. शुक्रवारी सकाळपर्यंत पाठवा, म्हणजे गंगेत घोडं न्हालं.”

शोभतं. रस्त्याने चालताना हे क्रियापद त्याच्या दाढेत अडकलेल्या तुसासारखे टोचत राहिले. शिव्यांच्या इतिहासावर त्याने एक निबंध लिहिला होता, आणि त्यात ही शिवी नोंदवायची राहून गेली होती. नव्व्याण्णव पूर्णांक सहा! उरलेल्या शून्य पूर्णांक चारांत कोण कोण राहतात ते त्या गृहस्थाने कधी पाहिले होते काय? शेतकरी, कष्टकरी, पिंजारी, पहारेकरी, भाडेकरी, भिकारी आणि आचारी. प्रत्यय लागताच यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातातले अवजार हे यंत्र काढून घेते आणि डोक्यावर टाकून देते, ओझ्यासारखे. अधिकारी आणि व्यापारीही त्यात सापडतात, नाही असे नाही. पण ‘अधिकार्यास’ असे छापले तरी त्याला कुणी भलताच माणूस समजत नाही, त्याची खुर्ची तशीच राहते. कोशाचे नावच ‘कामकऱ्यांचा शब्दकोश’. एकोणीस वर्षे तो कारखान्यांत, गोद्यांत, भट्ट्यांवर, स्वयंपाकघरांच्या मागच्या दारांशी उभा राहून शब्द टिपत होता, आणि नव्या मुखपृष्ठावर ‘कामकर्यांचा’ असे एक अपंग अक्षर सोनेरी शाईत चमकणार होते. हाताने सुधारावे म्हटले तर ते दोन दिवसांत होणारे काम नव्हते. दोन हजारांवर जागा. आणि नव्या फाइलीत दोन्ही चिन्हे एकच झालेली, त्यामुळे कुठला ‘र’ मुळात कोण होता हे आता त्या फाइलीलाच आठवत नव्हते. डोंगरातल्या वाटाड्याने सांगितलेल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन समुद्रात बुडाल्या होत्या. फरक होता तो फक्त जुन्या फाइलीत, जिच्यात त्याने दुसऱ्या आवृत्तीची भरही घातली होती. ती जुन्याच प्रोग्रामात उघडे, आणि तो प्रोग्राम एका जुन्या, अंगठ्याएवढ्या हिरव्या खुंटीशिवाय सुरू होत नसे. ती यंत्राच्या बाजूला खोचावी लागे. वापरणारे सगळे तिला कुलूप म्हणत, वास्तविक ती किल्ली होती. संतापातही त्याला ही चूक कोशात घेतल्याचे आठवले, आणि आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला.

हिरवे कुलूप घरी पत्र्याच्या पेटीत होते. जुनी डिस्क, सुतळीने बांधलेला कागदांचा एक गठ्ठा, अण्णांची निळी पेन्सिल आणि कुलूप. ही पेन्सिल अण्णा कानावर ठेवत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उद्या काय रांधायचे ते तिने लिहीत, आणि निवृत्त झाल्यावर, लिहायला भिंत उरली नाही तेव्हा, वर्तमानपत्रातल्या चुकांखाली रेघा ओढत. गठ्ठा पहिल्या आवृत्तीच्या मुद्रितांचा होता, तपासून छापखान्यात दिलेल्या आणि काम झाल्यावर परत आलेल्या कच्च्या पानांचा. सुतळीची गाठ तेव्हापासून तशीच. मुद्रिते छापखान्यात पोचवायचे काम अण्णांचे असे. पायी जात, गठ्ठा छातीशी धरून, अंडी नेल्यासारखा. मुलगी दाराला टेकून त्याची उलथापालथ बघत होती. “बाबा, एक विचारू? नवा फुकट मिळालाय, तर जुना विकत कशाला घ्यायचा? लोक जुना देऊन नवा घेतात.” “लोक,” तो म्हणाला. “हो, लोक. माणसांचा समूह. तुमच्या कोशात असेल बघा, ‘ल’मध्ये.” त्याला हसू आले नाही. “नव्यात माझी फाइल उघडत नाही.” “मग नवी करून दिलीय ना त्यांनी? छान दिसतेय की. सगळं स्वच्छ. उगाच मढी कशाला उकरताय?” तिने नवे अर्पणाचे पान पाहिले होते. पाहून तिला काही खटकले नव्हते. ती आजोबांच्या खांद्यावर बसून वाढली, त्यांच्या हाताला येणारा कांद्याचा वास तिला ठाऊक होता; आणि तिला काहीच खटकले नव्हते. ही तिची चूक नाही, असे त्याने स्वतःला बजावले. ज्या घरात ते वाक्य कधी मोठ्याने उच्चारलेच गेले नाही, त्या घरात ते कुणाला कसे ऐकू यावे? नवे खोके टेबलावर तसेच होते, न उघडलेले, दातांना पॉलिश केलेल्या माणसासारखे पांढरेफेक.

दुरुस्तीचे दुकान तळघरात होते. पायऱ्या उतरताना पाटी दिसली: ‘येथे नूतनीकृत संगणक मिळतील’. नूतनीकृत! हा शब्द नक्की संचालकांच्या जातकुळीतल्या कुणीतरी दिला असणार. आत पन्नाशीच्या एक बाई, कपाळावर भिंग सरकवलेले, अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. वरच्या खिडकीतून दुपारचे ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येत होते आणि त्यात उघड्या पोटांची यंत्रे ओळीने पडली होती. “बोला दादा. काय मेलंय?” “काही नाही. मला जुना लॅपटॉप हवाय. हे लागेल असा.” बाईंनी हिरवी खुंटी बोटांत धरली आणि त्यांचा चेहरा एकदम पाघळला. “अगंबाई! कुलूप! हे आहे अजून जगात? आमच्या ह्यांच्या छापखान्यात होतं. हरवू नये म्हणून दोरीनं टेबलाला बांधायचे, म्हशीसारखं.” “नव्याला अडॅप्टर लावून नाही का चालणार?” हे त्याने स्वतःची खात्री करून घेण्यासाठी विचारले. “अडॅप्टरनं दार मिळेल हो, पण आत घर कुठाय? नवी सिस्टीम याला ओळखच देत नाही. चारचौघांत सून सासूला देत नाही तशी. थांबा.” त्या वाकल्या आणि मागच्या फडताळातून एक जाडजूड काळे यंत्र दोन्ही हातांनी उचलून आणले. एक कोपरा टवका गेलेला, झाकणावर कुणीतरी खरवडून काढलेल्या चिकटपट्टीची सावली. “चौदा वर्षांचा आहे. माझ्याकडे आला तेव्हा मेलेला होता. बिजागरी बदलली, बॅटरी नवी घातली, आतली धूळ ब्रशनं काढली. आता माणसात आणलाय.” त्याचा हात आपोआप खिशातल्या चिठोऱ्याकडे गेला. माणसात आणणे. आजारी, रुसलेला, वेडावलेला जो कोणी, त्याला पुन्हा माणसांत बसता येईल असे करणे. बाईंनी मान तिरकी केली. “काय लिहून घेताय?” “तुमचा शब्द.” “शब्द कसला? बोलणं आहे ते.” “पाटीवर मग दुसरंच का लिहिलंय?” “पाटीवर असंच लिहितात. ‘माणसात आणलेले’ असं लिहिलं तर कोण घेईल?” त्या सहजपणे म्हणाल्या, आणि त्याच्या मनात ते वाक्य कुठेतरी खोल जाऊन, आधीच तिथे बसलेल्या त्या चार शब्दांच्या वाक्याशेजारी बसले.

“अर्धा तास बसा. बॅटरी दम धरते का बघते, मग न्या. आणि एक खोट सांगून ठेवते, नंतर बोंब नको. डावीकडची शिफ्ट ताठ आहे. जोर लावून धरायची, नाहीतर वरचं अक्षर उठत नाही.” तो बाकावर बसला. बाक अरुंद होता, भिंतीला टेकलेला, आणि अशाच एका बाकावर एकेचाळीस वर्षांपूर्वी अण्णा बसले होते, धुतलेला सदरा घालून, मांडीवर स्टीलचा डबा. आत तीन परीक्षक, आणि सतरा वर्षांचा तो. शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘आचाऱ्याचे काम’. लिहिले बरोबर होते. एवढे तरी. पण अक्षर बारीक होते, आणि मधला परीक्षक म्हातारा, नामांकित, जाड चष्म्याचा. “आचार्याचं काम. वा! कुठे?” आजही त्याला ती खोली दिसते: टेबलाच्या काचेखालचे हिरवे कापड, शाईचा डाग, अर्धवट लोटलेले दार. आणि स्वतःचा आवाज ऐकू येतो, स्वच्छ, खणखणीत, शिकलेल्या मुलाचा: “वसतिगृहात, सर.” ते खोटे नव्हते. आयुष्यभर त्याला छळत आली ती हीच गोष्ट, की त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. “निवासी विद्यालय म्हणजे. छान, छान. घरात संस्कार दिसतातच.” पुढे शिष्यवृत्ती, पदव्या, कोश, आणि परवाचे पांढरे खोके. बाहेर आल्यावर अण्णांनी एवढेच विचारले, “काय म्हणाले?” “मिळेल बहुतेक.” “मग खाऊन घे आधी,” म्हणत त्यांनी डबा उघडला. दार अर्धवट लोटलेले होते. ते किती लोटलेले होते, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न होता ज्यावर त्याने कधी संदर्भग्रंथ उघडला नाही. विचारायला अण्णा पुढे सव्वीस वर्षे होते. रोज समोर बसत. पाणी हवे का विचारत. त्याने आपल्या परीने एक उत्तर दिले होते ते कोशाच्या पहिल्या पानावर: एका आचाऱ्यास. माफी नव्हे, दुरुस्ती. विद्वान माणसे माफी मागत नाहीत, शुद्धिपत्र काढतात. आणि ते शुद्धिपत्र या लोकांनी, या शोभणाऱ्यांनी, एका बटणाने पुसून तिथे त्याचेच जुने खोटे पुन्हा छापायला घेतले होते, माणसाहून उंच अक्षरांत. “दादा, झालं बघा. दम धरतोय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही का असे बसलाय? तुमची बॅटरी उतरली की काय?”

घरी आणून त्याने काळे यंत्र नव्या खोक्याशेजारी ठेवले. बाईंनी जुनी प्रणाली घालूनच दिली होती. प्रोग्रामही त्याने त्यांच्याच दुकानात जुन्या डिस्कवरून चढवून घेतला होता. यंत्राने घसा साफ केल्यासारखा आवाज केला. पंखा फिरू लागला, तळहाताला ऊब लागली, आणि तापलेल्या धुळीचा तो विसरलेला वास आला. हिरव्या कुलपावरचा दिवा लुकलुकला. फाइल उघडली. तो आधी मधल्या पानांवर गेला, भीत भीत, नातेवाईक ओळख पटवायला जातात तसा. शेतकऱ्यांचा. पहारेकऱ्यास. दऱ्या, डोंगरातल्या, कोरड्या ठणठणीत. भाडेकऱ्याने, पिंजाऱ्याची, भिकाऱ्यांना. सगळ्यांच्या हातांत सगळ्यांची अवजारे. डोळ्यांत पाणी आले आणि त्याचा त्याला राग आला नाही. या यंत्रातून थेट छपाईची पाने काढता येत, कुठल्याही फॉन्टात काही बदलावे न लागता. म्हणजे शुक्रवार अजून हातातून गेला नव्हता. मग, सगळ्यात शेवटी, गोड घास राखून ठेवावा तसा, तो पहिल्या पानावर आला. पडद्यावर लिहिले होते: ‘एका आचार्यास’.

त्याने प्रथम यंत्राला शिवी दिली. मग कुलूप काढून पुन्हा खोचले. पुन्हा मधली पाने, सगळी शाबूत. पुन्हा पहिले पान; तुरा. मग त्याने कपाटातून पहिल्या आवृत्तीची स्वतःची प्रत काढली, उन्हात धरली. ‘एका आचाऱ्यास’. छापलेले, काळेभोर, बरोबर. पण ती आडवी रेघ ओळीपासून केसभर खाली होती, किंचित कललेली. बावीस वर्षे तो ती तिरपी रेघ पाहत आला होता आणि छपाईचा दोष समजून सोडून देत आला होता. आता त्याला दिसले की ती रेघ टाइप केलेली नव्हती. छापखान्यात कुणीतरी पात्याने कापून, चिमट्याने उचलून तिथे चिकटवली होती. कुणाच्या सांगण्यावरून? त्याच्या नव्हे. त्याने स्वतः ते पान टाइप केले होते, सगळ्यात शेवटी, आणि बरोबर टाइप केले याची खात्री इतकी पक्की होती की मुद्रितात ते पुन्हा वाचलेही नव्हते. पेटीतल्या गठ्ठ्याची सुतळी सुटेना, दातांनी सोडवली. वरचेच पान. ‘एका आचार्यास’, आणि त्या शब्दातला तुरा निळ्या पेन्सिलीने खोडलेला, नीट, राग न करता, जसे भाताचे झाकण बाजूला ठेवावे. समासात भिंतीवर लिहायचे त्याच ठसठशीत अक्षरांत तीनच शब्द: ‘इथे डाव हवा.’

दार तेवढे लोटलेले नव्हते तर. की होते, आणि तरीही? त्याने पान टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले. गठ्ठा छातीशी धरून चाललेला तो म्हातारा त्याला दिसला. वाटेत कुठल्यातरी कट्ट्यावर टेकलेला, सुतळी सोडून, फक्त पहिले पान पाहिलेला. मुलाने आपल्याला काय अर्पण केले आहे ते पाहिलेला. मग कानावरची पेन्सिल काढलेला. घरी येऊन काही बोलला नाही. छापलेली प्रत आली तेव्हा बोट फिरवून विनोद केला, आणि तो विनोद अभिमानाचा नव्हता, की होता, की तो इतक्या वर्षांपूर्वी बंद दारावर वाजवलेला एक हलका टकटक आवाज होता आणि आत बसलेल्या विद्वानाने ‘छान कोटी आहे’ म्हणून तो कोशात नोंदवून टाकला? नोंदवला होता त्याने, दुसऱ्या आवृत्तीसाठी. डाव, पान चारशे बारा. राग अजूनही होता. तो कुठे गेला नव्हता. पण गेले दोन दिवस तो संचालकांच्या नावाने, प्रणालीच्या नावाने, एकूण काळाच्या नावाने दारोदार हिंडत होता, आणि आता त्याला पत्ता सापडल्यासारखा तो सरळ घरी आला. शिफ्ट नीट दाबली नाही की तुरा, दाबून धरली की डाव. एवढेच घडले असेल त्या दिवशी, करंगळीचा आळस. किंवा करंगळीला ती सवय सतराव्या वर्षीच लागली असेल. बोटांची साक्ष काढायला कुठले न्यायालय बसत नाही. त्याने तुरा पुसला. ताठ शिफ्टवर डावी करंगळी ठेवली आणि दाबली, जोर लावून, सांधा पांढरा होईपर्यंत, आणि दुसऱ्या हाताने ‘र’. मग हलंत, मग ‘य’. रेघ उठली. आडवी, लहान, ओळीत सरळ. या यंत्राने त्याला काही सुचवले नाही, शब्दाखाली तांबडे नागमोडी काही काढले नाही. माणसात आणलेल्या त्या काळ्या यंत्राने नुसते लिहून घेतले.

मग त्याने फोन लावला. “बोला सर, बोला! सही पाठवताय ना?” “पाठवतोय. पण तुमच्या फाइलीवर नाही. छपाईची पानं मी माझ्याकडच्या यंत्रावरून काढून आणतो.” “म्हणजे आम्ही दिलेल्या?” “जुन्या. आज विकत घेतलेल्या. तुमचं खोकं परत येतंय, उघडलेलं नाही. ही पानं छापणार असाल तर सही. नाहीतर दुसरी आवृत्ती नाही.” पलीकडे खुर्ची करकरली. “सर, असं एकदम हातघाईवर काय येता? एवढं कशासाठी? एका रेघेसाठी?” घशात तेच ते चार शब्द होते, एकेचाळीस वर्षे तापत ठेवलेल्या भांड्यासारखे, आणि हात न लावताही ते ओळखू येत होते. दारात मुलगी उभी होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, “माझे वडील आचारी होते.” “तेच तर आम्ही म्हणतोय ना, आचार्य...” “आचारी. च ला काना, री दीर्घ. वसतिगृहात स्वयंपाक करायचे. अडीचशे माणसांचा. एकतीस वर्षं.” मुलीचा हात दाराच्या चौकटीवर होता तसाच राहिला. “पण सर,” संचालकांचा आवाज आता बारीक झाला होता, “आपण तर भर सभेत जाहीर केलं. पत्रकात छापलं. अध्यक्षांच्या भाषणातसुद्धा आलंय ते. आता लोकांना सांगायचं काय? चूक कुणाची म्हणून सांगायचं?”

“माझी,” तो म्हणाला. “जाहीर आधी मी केलं होतं. तुम्ही नुसती माझी री ओढलीत.”